सतरंजीवरचा नमस्कार

मोशी,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षाली,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडे बडोद्यातही असेल असं धरून चालते, कारण तू कळवत नाहीस. फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवतेस. त्या अंगठ्याचा कंटाळा आला म्हणून आज कागद घेतला.

आधी कामाचं. तुझे मोठे काका, दादासाहेब, डिसेंबरात एक्क्याऐंशीचे होतायत. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन रविवारी १४ तारखेला चिंचवडच्या कार्यालयात करायचं ठरलं आहे. दिग्विजयने वडिलांसाठी खर्च करायचं मनावर घेतलंय, दोनशे माणूस जेवायला असेल. सोबत पत्रिका पाठवते आहे. अगदी खाली मुलांची ओळ आहे बघ, 'आमच्या दादाआजोबांना शुभेच्छा द्यायला यायचं हं'. तिथे सलोनीचं नाव आहे. नाव मी दिलं. तुला विचारलं नाही, कारण उत्तर काय आलं असतं ते मला ठाऊक आहे.

मुलगी बारा वर्षांची झाली, तिने दादासाहेबांना पाहिलेलंही नाही. औक्षण झाल्यावर सगळी नातवंडं ओळीने पाया पडणार आहेत. त्यात ती असली पाहिजे. तुझ्या लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर घरची सगळी मोठी माणसं उभी होती आणि तू एकाच्याही पाया पडली नाहीस. दादासाहेब स्वतः दोन पावलं पुढे आले, तर तू मागे सरकलीस. चौदा वर्षं झाली, अजून कोणी ना कोणी मला ते ऐकवतं. तुझ्या मनात काय होतं ते तुला माहीत. पण आता सलोनीला त्यात ओढू नकोस.

बाबांची साखर आटोक्यात आहे. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. देवाला नमस्कारही मी खुर्चीवर बसूनच करते.

एक नवीन सांगायचं म्हणजे मी दर शनिवारी इथल्या गावठाणातल्या शाळेत जाते. शाळा सुटल्यावर तिच्या हॉलमध्ये बिघडलेल्या मुलांसाठी वर्ग चालतो. 'बिघडलेल्या' म्हटलेलं तिथल्या मॅडमना आवडत नाही. स्वप्नाली तिचं नाव, वय एकोणतीस, समुपदेशक आहे. पळून गेलेली, हातावर ब्लेड मारून घेणारी, काचा फोडणारी अशी तेरा ते सतरा वर्षांची अकरा मुलं आहेत आणि ही त्यांना नाटकातून बरं करणार आहे. मला आधी वाटलं गॅदरिंगची तालीम असेल. पण नाटक लिहिलेलं नसतं, पाठांतर नसतं, बघायला कुणी नसतं. मध्ये एक लाल सतरंजी टाकतात. तिच्यावर पाय ठेवला की तुम्ही दुसरं कोणीतरी. ज्याच्याशी तुमचं भांडण आहे तो तुम्ही व्हायचं आणि दुसऱ्या कोणीतरी तुम्ही व्हायचं. खाली उतरताना हातपाय झटकायचे, कुत्रं पाण्यातून बाहेर आल्यावर झटकतं तसे. त्याला भूमिका झटकणं म्हणतात. एकतीस वर्षं शिकवलं, शेवटची अकरा सुपरवायझर होते, पण असला प्रकार पाहिला नाही.

माझ्याकडे हजेरी आहे. स्वप्नालीने बजावून सांगितलंय की हजेरीखेरीज वहीत काही लिहायचं नाही. पण सवय जात नाही. नावापुढे पेन्सिलीने एखादा शेरा पडतोच.

काल प्रज्वल नावाच्या पोराने सतरंजीवर माझीच नक्कल केली. तो इथल्या जुन्या गावकऱ्यांचा मुलगा, शाळेच्या सात काचा फोडून आलेला. चष्मा नाकावर उतरवून म्हणाला, "उशीर का झाला? कारण सांगू नकोस, फक्त हो किंवा नाही." सगळी पोरं लोळून हसली. मी त्याला विचारलं, मी इतकी वाईट बोलते का? तर म्हणतो, "वाईट न्हाई बाई. तुमी कारण ऐकूनच घेत न्हाई, येवढंच हाय."

चौदाव्या वर्षी जिभेला हाड नसतं.

गाडीचं आरक्षण लवकर कर, नंतर मिळत नाही. सलोनीला परकर-पोलकं मी शिवून ठेवते, माप कळव. जावयांना व सलोनीला आशीर्वाद.

तुझी
आई

*

मोशी,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

वर्षाली,

पत्रिका परत मिळाली. सोबत एक ओळही नव्हती. मी ती उलटसुलट करून पाहिली तेव्हा खालच्या ओळीत चौकोनी भोक दिसलं. सलोनीचं नाव तू कात्रीने कापून काढलं आहेस. कडा अगदी सरळ आहेत.

खरं सांगते, मी संतापले. बाबांच्या नजरेस पडू नये म्हणून ती पत्रिका पर्समध्ये टाकली. तुला एक कडक पत्र लिहायचं ठरवून, मजकूर मनात जुळवतच काल शनिवारच्या वर्गाला गेले. ते पत्र हे नव्हे.

काल जे झालं ते मला अजून नीट समजलेलं नाही. झालं तसं लिहिते.

वर्गात दीक्षा नावाची मुलगी आहे. पंधरा वर्षांची. माणसं जालन्याकडची, आई चाकणला एका कंपनीत पॅकिंगला जाते. यांच्या घरी हिच्या मावशीचा नवरा राहतो. दीक्षाने दगड घालून त्याच्या मोटारसायकलचा हेडलाइट फोडला आणि दोनदा घरातून पळाली. का, ते कुणालाच सांगत नव्हती. एकदा म्हणाली दगड चुकून लागला, एकदा म्हणाली मी नव्हतेच. तिच्या नावापुढे माझा पेन्सिलीचा शेरा होता, 'खोटं बोलण्याची सवय'.

काल सतरंजीवर जायची पाळी तिची होती. स्वप्नालीने विचारलं, तुला कोण व्हायचंय? ती म्हणाली, आई. मग दीक्षा कोण होणार? एकही मुलगी पुढे होईना. प्रज्वल म्हणाला, "बाईंला घ्या की. त्यांना बी कळू द्या लेकरू व्हायचं म्हंजी काय." मी नको म्हटलं असतं. पण मुलांसमोर घाबरल्यासारखं दिसलं असतं, म्हणून चपला काढून सतरंजीवर गेले. समोर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. तो मावशीचा नवरा. खुर्ची रिकामीच होती.

दीक्षाने ओढणी कमरेला बांधली आणि एकदम मोठी बाई झाली. खांद्यावर नसलेली डब्याची पिशवी सावरत ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. माझी बस जाईल, मला टाइम नाही, हेडलाइट का फोडला ते सांग. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, ते आपल्याला किती करतात, तुला कळत नाही का. मग ती शांत आवाजात म्हणाली, "चल. त्यांच्या पाया पड, माफी माग आणि विषय संपव."

वर्षाली, मी पाया पडले.

मला कुणी पडायला सांगितलेलं नव्हतं. स्वप्नाली नंतर म्हणाली की त्या जागी कोणी रडतं, कोणी भांडतं, कोणी सतरंजीवरून निघून जातं. मी गुडघ्यांवर बसले. जे गुडघे तीन वर्षांत देवापुढे टेकले नाहीत ते टेकले, आणि डोकं त्या खुर्चीच्या पायांपाशी नेऊन ठेवलं. प्लास्टिक कपाळाला गार लागलं. माझ्या तोंडून "चुकले" असा शब्द आला. आवाज माझा नव्हता. बारीक होता.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. आई झालेली दीक्षा परत दीक्षा झाली, म्हणजे तिचा आवाजच बदलला, आणि ती खाली वाकून मला विचारायला लागली, "बाई, मी नव्हते पडले पाया. मी पळाले होते. तुम्ही का पडलात?"

स्वप्नालीने दोघींना धरून उभं केलं, सगळ्यांना हातपाय झटकायला लावले. मीही झटकले. काही उपयोग झाला नाही. मुलं गेल्यावर मी व्हरांड्यात बसून राहिले. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा मला कळलं की पर्समधली ती पत्रिका माझ्या हातात आहे आणि मी त्या भोकातून बोट घालून बसले आहे.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या तोंडून ते तू कधी ऐकलेलं नाहीस.

१९९८ सालचा ऑगस्ट. तू आठवीत होतीस. आपण दापोडीला राहत होतो. दादासाहेबांचं गणित चांगलं, म्हणून मी तुला मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे चिंचवडला पाठवत होते. एका शुक्रवारी त्यांचा निरोप आला की पोरीने हातात कर्कटक खुपसलं. मी शाळेतून थेट तिकडे गेले. त्यांच्या डाव्या हाताला रुमाल बांधलेला होता. तू दाराशी उभी होतीस, दप्तर छातीशी धरून. मी तुला जिन्यात नेलं आणि कारण विचारलं. तू म्हणालीस, "काका जवळ बसवतात. हात काढत नाहीत. मी सांगितलं तरी काढत नाहीत."

इतकंच. तीन वाक्यं. मी ती सत्तावीस वर्षांत विसरलेली नाही, हे मला काल समजलं.

मी तुला म्हटलं, ते तुला लेकीसारखं मानतात. आत जा, पाया पड, माफी माग आणि विषय संपव. तू माझ्याकडे पाहिलंस. मग आत गेलीस आणि गुडघ्यांवर बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंस. त्यांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "असू दे, लेकरू आहे." मी ते पाहत उभी होते. मला बरं वाटलं होतं, प्रकरण मिटलं म्हणून.

बाबांना मी एवढंच सांगितलं की हिने रागाच्या भरात कर्कटक मारलं. तुझी ती तीन वाक्यं सांगितली नाहीत. शिकवणी बंद केली, कारण विचारणाऱ्यांना सांगितलं की तुला माझ्याकडूनच गणित समजतं. त्यानंतर तू मला शाळेच्या निरोपाशिवाय काही सांगितलं नाहीस. मी त्याला वयात येणं म्हणाले. तुझ्या लग्नाच्या दिवशी त्याला उद्धटपणा म्हणाले. सगळ्याला माझ्याकडे शेरा तयार होता.

मला तेव्हा तुझं खरं वाटलं नाही. मुली या वयात लक्ष वेधायला काहीबाही बोलतात असं मी तेव्हा मानत होते, बी.एड.ला कुणीतरी तसं शिकवलंही होतं.

दीक्षाच्या नावापुढचा शेरा मी काल खोडून टाकला. पेन्सिलीचाच होता, पण खोडरबराने कागद फाटला.

इथे थांबते.

आई

*

मोशी,
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

वर्षाली,

गेल्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं. ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मला तेव्हा तुझं खरं वाटलं होतं. जिन्यात, त्याच क्षणी. बाबांची कंपनी आठ महिने बंद होती आणि चाकणला नवीन कंपनीत त्यांना चिकटवायचं दादासाहेबांनी कबूल केलं होतं. सोमवारी मुलाखत होती. मी जिन्यात उभी राहून हे सगळं मोजलं आणि तुला आत पाठवलं. मुलगी खोटं बोलते असं मी नंतर स्वतःला शिकवलं. ते शिकायला मला दोन-तीन वर्षं लागली असतील. पुढे इतकं पाठ झालं की दुसऱ्यांच्या मुलींनाही लावू लागले.

बाबांना ती नोकरी लागली. ते त्याच कंपनीतून निवृत्त झाले.

आता या आठवड्यातलं.

बुधवारी मी आणि बाबा दादासाहेबांकडे कार्यक्रमाची आखणी करायला बसलो होतो. दिग्विजय यादी वाचत होता, औक्षण किती वाजता, नातवंडं कुठल्या क्रमाने पाया पडणार. सलोनीचं नाव आलं तेव्हा मी म्हटलं, सलोनी येणार नाही, वर्षालीही येणार नाही आणि मीही येणार नाही. तो म्हणाला, काकू, काही चुकलं का आमचं? मी तुझी तीन वाक्यं सांगितली. तू जशी सांगितली होतीस तशीच, एकही शब्द बदलला नाही. आणि मी त्यावर काय केलं तेही सांगितलं.

मला वाटलं होतं ते ओरडतील, नाही म्हणतील. त्याची माझी तयारी होती. दादासाहेबांनी डावा हात पुढे घेऊन पाहिला. तांदळाच्या दाण्याएवढी खूण आहे अजून. मग चहाचा कप उचलावा इतक्या सहज म्हणाले, "लहान होती ती. मी तिला तेव्हाच माफ केलं होतं."

खोलीत सहा माणसं होती आणि एकालाही ते वाक्य उलटं वाटलं नाही. सत्तावीस वर्षं मीही ते तसंच धरून चालले होते, की माफी द्यायचा मान त्यांचा.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "ती माफी मी परत न्यायला आले आहे. ती तुमची नव्हती."

दिग्विजयच्या हातातली यादी तशीच राहिली. त्याची दोन्ही मुलं आतल्या खोलीत मोबाइल बघत बसली होती, तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. तो काय मानतो ते मला माहीत नाही.

खाली आल्यावर बाबांनी स्कूटर सुरूच केली नाही. किल्ली हातात धरून उभे होते. म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तुमची नोकरी गेली असती. ते म्हणाले, "गेली असती तर गेली असती." घरी येऊन त्यांनी निवृत्तीच्या वेळी कंपनीने दिलेलं घड्याळ भिंतीवरून उतरवलं. ते अजून टेबलावर पालथं आहे. मी उचललेलं नाही.

दीक्षाने त्या शनिवारनंतर दोन दिवसांनी स्वप्नालीला सगळं सांगितलं. असं कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं, कायदाच आहे. स्वप्नालीने कळवलं. मुलगी सध्या दापोडीला आत्याकडे आहे. आई आधी खूप बोलली, मग शिफ्ट सोडून दोन दिवस लेकीजवळ बसून होती. तिच्याकडे मला बघवलं नाही. तिला दोन दिवस लागले, मला सत्तावीस वर्षं.

आज वर्गात दीक्षा आली होती. माझ्या शेजारी बसली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "माझं नाव फाटलंय की बाई." मी म्हटलं, नवीन पानावर लिहिते. तिने स्वतःच लिहिलं. अक्षर वाईट आहे. मी काही बोलले नाही.

तुझ्याकडून मला काही नको. उत्तर नको, अंगठाही नको. पोलिसांकडे जायचं असेल तर मी साक्षीला येईन, जे पाहिलं आणि जे केलं ते दोन्ही सांगेन. जायचं नसेल तर तोही निर्णय तुझा. मी त्यावर मत देणार नाही.

एक सांगते, सांगायचा हक्क नसताना. सलोनी कधी एखाद्या ठिकाणी जायला नको म्हणाली तर तिच्याकडे कारण मागत बसू नकोस. आधी नेणं थांबव. कारण मग कळतं.

अंदाजाने शिवलेलं परकर-पोलकं मी शेजारच्या मुलीला देऊन टाकलं. भोक पडलेली पत्रिका ठेवून घेतली आहे.

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे. आज मुलं गेल्यावर मी स्वप्नालीला सतरंजी गुंडाळू दिली नाही. खुर्ची पुन्हा समोर ठेवायला सांगितली. तिने तिच्या पद्धतीप्रमाणे विचारलं, बाई, खुर्चीवर कोण आहे? मी म्हटलं, माझी मुलगी, तेरा वर्षांची, दप्तर छातीशी धरून बसली आहे. मग गुडघे टेकायला वेळ लागला, स्वप्नालीने आधार दिला. उठल्यावर मी हातपाय झटकले नाहीत. तिने झटका म्हटलं, मी नाही म्हटलं. ही भूमिका नव्हती.

वर्षाली, तुला नमस्कार.

आई